इंग्रजीतलं ‘खूप’ आणि ‘जरी–तरी’: सरावाविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे पान बारावीची परीक्षा देणाऱ्यांसाठी आहे, तसंच होमस्टे चालवणारे, किल्ल्यावर पाहुण्यांना माहिती सांगणारे आणि बोटीवरच्या नोकरीसाठी मुलाखतीची तयारी करणारे यांच्यासाठीही आहे. इंग्रजी वाक्यं देवनागरीत दिली आहेत. एक खूण आधीच लक्षात ठेवा. दोन ‘ओ’ असलेलं, अतिरेक दाखवणारं ‘टू’ दीर्घ लिहिलंय आणि क्रियापदाआधी येणारं ‘टु’ ऱ्हस्व. बोलतानाही पहिल्यावर जोर द्या, दुसरं पटकन उरका.

हे दोन विषय एकत्र कशाला शिकायचे?

बोलताना ते एकत्रच येतात म्हणून. “खोली जराशी लहान आहे, पण एकदम स्वच्छ आहे” हे वाक्य होमस्टेवाल्यांना हंगामात रोज लागतं. ‘जराशी’ आणि ‘एकदम’ प्रमाण सांगतात, ‘पण’ विरोध दाखवतं. इंग्रजीत: ‘द रूम इज अ बिट स्मॉल, बट इट्स ॲब्सोल्यूटली स्पॉटलेस.’

शिवाय दोन्हीकडच्या चुकांचं मूळ आपल्या मराठीत आहे. प्रमाणाच्या बाबतीत मराठी एका ‘खूप’वर भागवते आणि इंग्रजी तिथे चार-पाच वेगळे शब्द मागते. विरोधाच्या बाबतीत उलटं होतं. मराठीला ‘जरी–तरी’ अशी जोडी हवी असते, इंग्रजीला एकच शब्द पुरतो. पुढची बरीचशी उत्तरं याच दोन गोष्टींकडे परत येतात.

‘खूप’ला इंग्रजीत नक्की काय म्हणायचं?

‘खूप’च्या पुढे काय येतं ते पाहा. पुढे विशेषण असेल तर ‘व्हेरी’: खूप गरम, ‘व्हेरी हॉट’. मोजता येणारी वस्तू असेल तर ‘मेनी’ किंवा ‘अ लॉट ऑफ’: खूप होड्या, ‘अ लॉट ऑफ बोट्स’. पाऊस, पाणी, गर्दीचा आवाज अशी न मोजता येणारी गोष्ट असेल तर ‘अ लॉट ऑफ रेन’. साध्या होकारार्थी वाक्यात ‘वी गेट मच रेन’ कानाला खटकतं. ‘मच’ प्रश्नात आणि नकारात शोभतं: ‘देअर इजंट मच वॉटर इन द वेल.’

क्रियापद असेल तर ‘व्हेरी मच’ किंवा ‘अ लॉट’ वाक्याच्या शेवटाकडे जातं. मला मासे खूप आवडतात: ‘आय लाइक फिश व्हेरी मच.’ इथे दोन चुका होतात. एक, ‘आय व्हेरी लाइक फिश’. दुसरी जरा लपलेली, ‘आय लाइक व्हेरी मच फिश’. क्रियापद आणि त्याचं कर्म यांच्यामध्ये काही घुसू द्यायचं नाही.

मग ‘व्हेरी’ आणि ‘टू’ यांत फरक काय?

जेवणाच्या पानावर तो स्पष्ट दिसतो. माशाचं सार वाढलंय. एक पाहुणा म्हणतो, ‘इट्स व्हेरी स्पायसी.’ तो कदाचित नाक पुसत पुसत आणखी भात मागून घेईल. दुसरा म्हणतो, ‘इट्स टू स्पायसी.’ याने वाटी बाजूला सारलेली असते. त्याला सोलकढी द्या आणि दुसरं काही चालेल का ते विचारा. ‘टू’च्या पोटात ‘म्हणून जमणार नाही’ हे दडलेलं असतं. बऱ्याचदा ते पुढे उघडही होतं: ‘टू हॉट टु ड्रिंक’, ‘टू स्टीप फॉर माय मदर’.

मराठीत हे काम बहुधा ‘जास्त’ करतं: चहा जास्त गोड झालाय. पण ‘जास्त’वर आंधळा भरवसा नको. “या पेटीतला आंबा जास्त गोड आहे” यात तक्रार नाही, तुलना आहे, आणि तिथे ‘स्वीटर’ हवं. म्हणून कसोटी अशी: त्या जागी ‘नको इतका’ घालून पाहा. चाललं तर ‘टू’.

आपण सर्रास ‘टू गुड’ म्हणतो. ते चूक का?

आपल्याकडे मित्रांत बोलताना सगळ्यांना कळतं. परीक्षेत, अर्जात आणि परदेशी पाहुण्यांशी बोलताना मात्र ‘रिअली गुड’ किंवा ‘सो गुड’ म्हणा. मुलाखतीत ‘आय ॲम टू हॅपी टु जॉइन’ म्हणालात तर अर्थ सरळ उलटतो: आनंद इतका झालाय की रुजू होणं जमणार नाही! ‘नॉट टू बॅड’ आणि ‘यू आर टू काइंड’ हे रूढ प्रयोग आहेत, ते खुशाल वापरा.

‘इनफ’ आधी येतं की नंतर?

मराठीत ‘पुरेसं’ नेहमी आधी येतं: पुरेसं पाणी, पुरेसं खोल. इंग्रजीत नामाच्या आधी, पण विशेषणाच्या नंतर: ‘इनफ वॉटर’, पण ‘डीप इनफ’. ‘इनफ डीप’ ही चूक मराठीतूनच येते.

ही सवय मोडायला जेटीवरचा प्रसंग घ्या. ओहोटी लागली आहे, लाँच धक्क्याला लागत नाही. हेच तीन तऱ्हांनी सांगा:

‘द वॉटर इज टू शॅलो फॉर द लाँच.’
‘द वॉटर इजंट डीप इनफ फॉर द लाँच.’
‘देअर इजंट इनफ वॉटर फॉर द लाँच.’

पहिल्यातून दुसऱ्यावर जाताना दोन गोष्टी बदलतात. विशेषण विरुद्धार्थी होतं आणि ‘नॉट’ येतं. अडखळायला होतं ते इथेच. घाईत एकच गोष्ट बदलली जाते आणि ‘द वॉटर इजंट शॅलो इनफ’ असं भलतंच वाक्य तयार होतं, म्हणजे पाणी पुरेसं उथळ नाही! म्हणून आधी फक्त विरुद्धार्थी जोड्या तोंडपाठ करा: स्मॉल–बिग, वीक–स्ट्राँग, यंग–ओल्ड, लेट–अर्ली, नॅरो–वाइड, शॉर्ट–टॉल, ड्राय–वेट, डार्क–ब्राइट. मग प्रत्येक जोडीवर ‘टू’चं एक आणि ‘नॉट इनफ’चं एक वाक्य करा. आठ जोड्यांची सोळा वाक्यं दोन दिवसांत तोंडात बसतात.

‘इनफ’च्या पुढे ‘दॅट’ लावू नका. ‘ही इज ओल्ड इनफ टु स्टिअर द बोट’ असं ‘टु’ने जोडा.

‘टू मच हॉट’ म्हणतात का?

नाही. ‘टू मच’च्या पुढे नाम येतं: ‘टू मच सॉल्ट’. विशेषणाला नुसतं ‘टू’ पुरतं. ठासून सांगायचंच असेल तर शब्द फिरवा: ‘मच टू हॉट’, ‘फार टू हॉट’.

‘व्हेरी चीपर’ का चालत नाही?

तुलनेच्या रूपाला ‘व्हेरी’ चिकटत नाही. तिथे ‘मच’, ‘फार’, ‘अ लॉट’, आणि थोडासाच फरक असेल तर ‘अ बिट’, ‘स्लाइटली’. हर्णैच्या लिलावात कानावर पडणारी वाक्यं इंग्रजीत करून पाहा. पापलेट काल खूप स्वस्त होतं: ‘पॉम्फ्रेट वॉज मच चीपर यस्टरडे.’ ही सुरमई जराशी मोठी आहे: ‘दिस वन इज अ बिट बिगर.’ मालवणीतलं ‘वायच’ म्हणजे नेमकं हे ‘अ बिट’. जिथे तोंडात ‘वायच’ येईल तिथे ‘अ बिट’ घाला, क्वचितच चुकेल.

‘व्हेरी डिलिशस’वर शिक्षक रेघ का मारतात?

काही विशेषणांत ‘खूप’ आधीच मुरलेलं असतं. ‘डिलिशस’ म्हणजेच खूप चवदार, ‘एनॉर्मस’ म्हणजे खूप मोठं, ‘फ्रीझिंग’ म्हणजे खूप थंड, ‘एक्झॉस्टेड’ म्हणजे पार थकलेला. त्यांना ‘ॲब्सोल्यूटली’ किंवा ‘रिअली’ लावा. उलट ‘ॲब्सोल्यूटली बिग’ही विचित्र लागतं. ‘रिअली’ मात्र दोन्हीकडे चालतं, त्यामुळे बोलता बोलता गोंधळ झाला तर ‘रिअली’ म्हणून वेळ निभावून न्या.

‘क्वाइट’, ‘फेअरली’, ‘रादर’, ‘प्रिटी’: चारही म्हणजे ‘बऱ्यापैकी’च ना?

साधारण हो, पण छटा वेगळ्या आहेत. ‘फेअरली’ म्हणजे बऱ्यापैकी, फार कौतुक नाही. ‘प्रिटी’ त्याहून थोडं वर आणि बोलीतलं, अर्जात नको. ‘रादर’ नावडतं किंवा अनपेक्षित असेल तिथे जास्त येतं: ‘रादर नॉइझी’.

खरी गंमत ‘क्वाइट’ची आहे. ब्रिटिश पाहुण्याने अभिप्रायात ‘द फूड वॉज क्वाइट गुड’ लिहिलं तर ते बहुधा ‘बरं होतं’ असतं. अमेरिकन पाहुण्याने तेच लिहिलं तर बहुधा ‘खूपच छान’. आणि ‘क्वाइट इम्पॉसिबल’, ‘क्वाइट शुअर’ असं टोकाच्या विशेषणाबरोबर आलं की अर्थ ‘पूर्णपणे’. म्हणून आपलं मत सांगताना ‘क्वाइट’ टाळलेलं बरं. वाचताना ओळखता आलं म्हणजे झालं.

शब्दांचा क्रमही पाहून ठेवा: ‘अ फेअरली बिग रूम’, पण ‘क्वाइट अ बिग रूम’. आणि स्पेलिंगमध्ये ‘क्वाइट’च्या शेवटी टी-ई. ई-टी लिहिलंत तर ते ‘शांत’ होतं.

‘ही वर्क्स हार्डली’ म्हणजे मेहनती ना?

अगदी उलट, तो जेमतेमच काम करतो! मेहनती असेल तर ‘ही वर्क्स हार्ड’. ‘हार्डली’ आणि ‘बेअरली’ म्हणजे आपलं ‘जेमतेम’, ‘मुश्किलीने’. त्यांच्यात नकार आतच असतो, त्यामुळे सोबत ‘नॉट’ येत नाही: ‘आय कुड हार्डली हिअर यू.’ ब्रह्मदेशाच्या पदच्युत थिबा राजाला इंग्रजांनी कैद करून १८८६ मध्ये रत्नागिरीत आणलं, राजवाडा १९१० मध्ये झाला आणि १९१६ मध्ये राजाचं निधन झालं. हे सांगताना ‘ही लिव्ह्ड इन द पॅलेस फॉर बेअरली सिक्स यिअर्स’ एवढं म्हटलं की पाहुणे थबकतात. नुसतं ‘सिक्स यिअर्स’ म्हणून तो परिणाम येत नाही.

‘ऑल्दो’ लिहिलं की पुढे ‘बट’ का लिहायचं नाही?

सगळ्यांत जास्त होणारी चूक हीच. मराठीत “मराठ्यांनी जरी अनेकदा हल्ले केले तरी जंजिरा पडला नाही” असं दोन्ही टोकांना खुंटी मारून वाक्य बांधतात. त्यातला ‘जरी’ गाळता येतो, ‘तरी’ सहसा गाळता येत नाही. म्हणून इंग्रजीतही ‘तरी’च्या जागी हात आपोआप ‘बट’ लिहितो. इंग्रजीत एकच खुंटी:

‘ऑल्दो द मराठाज अटॅक्ड इट मेनी टाइम्स, जंजिरा वॉज नेव्हर कॅप्चर्ड.’
‘द मराठाज अटॅक्ड इट मेनी टाइम्स, बट जंजिरा वॉज नेव्हर कॅप्चर्ड.’

सराव असा करा. मराठी वाक्य कागदावर लिहा. ‘जरी’ आणि ‘तरी’भोवती गोल काढा. दोहोंपैकी एकावर काट मारा आणि मगच इंग्रजीकडे वळा. ‘तरी’ काटलं तर ‘ऑल्दो’, ‘जरी’ काटलं तर ‘बट’. पहिले आठ-दहा दिवस कागद सोडू नका. मनातल्या मनात केलं की ‘बट’ परत शिरतं. ‘ऑल्दो’ने वाक्य सुरू झालं तर मध्ये स्वल्पविराम द्यावा. ते दुसऱ्या भागात आलं तर बहुधा लागत नाही.

जुन्या पुस्तकांत ‘दो ही इज पुअर, यट ही इज ऑनेस्ट’ अशी वाक्यं भेटतात. ती चूक नाहीत, जुन्या वळणाची आहेत. ‘दो’बरोबर ‘यट’ पूर्वी चालायचं, ‘बट’ मात्र नाही.

आणखी एक, जे व्याकरणात सहसा सांगत नाहीत. शेवटी काय ठेवता त्याला वजन येतं. ‘द रूम इज क्लीन बट स्मॉल’ ऐकणाऱ्याच्या डोक्यात लहान खोली राहते. ‘स्मॉल बट क्लीन’ म्हणालात तर स्वच्छ खोली राहते. फोनवर बुकिंग घेताना हा क्रम फुकटात मिळणारा फायदा आहे.

‘डिस्पाइट ऑफ’ की ‘डिस्पाइट’?

नुसतं ‘डिस्पाइट’. ‘ऑफ’ फक्त ‘इन स्पाइट’च्या मागे. दोहोंच्या पुढे पूर्ण वाक्य येत नाही, नाम किंवा आयएनजीचं रूप येतं. मराठीत यासाठी तयार साचा आहे, ‘असूनही’. “पाऊस असूनही” म्हणजे ‘डिस्पाइट द रेन’. “राजा असूनही थिबा कैदेत राहिला” म्हणजे ‘डिस्पाइट बीइंग अ किंग, थिबा लिव्ह्ड इन कॅप्टिव्हिटी’. तेव्हा मराठीत ‘असूनही’ सुचलं तर ‘डिस्पाइट’, ‘जरी–तरी’ सुचलं तर ‘ऑल्दो’. ‘डिस्पाइट इट वॉज रेनिंग’ ही या दोहोंची खिचडी आहे.

‘इव्हन दो’ आणि ‘इव्हन इफ’ एकच का?

मराठीत दोन्हीकडे ‘तरी’ येत असल्याने एकच वाटतात. घडलेली, खरी गोष्ट असेल तर ‘इव्हन दो’: काल पाऊस होता तरी बोट सुटली. घडेल न घडेल अशी गोष्ट असेल तर ‘इव्हन इफ’: उद्या पाऊस आला तरी बोट सुटेल. महाराष्ट्रात १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते. त्या काळात ताजी सुरमई मागणाऱ्याला सांगायचं, ‘इव्हन इफ द सी इज काम, द ट्रॉलर्स कान्ट गो आउट.’

‘हाउएव्हर’च्या आजूबाजूची विरामचिन्हं कशी?

आधी पूर्णविराम किंवा अर्धविराम, नंतर स्वल्पविराम. ‘बट’ दोन वाक्यं जोडतं, ‘हाउएव्हर’ जोडत नाही, ते नवं वाक्य सुरू करतं. दोन्हीकडे स्वल्पविराम टाकून एकच लांब वाक्य करणं हा नेहमीचा दोष. पाहुण्याला व्हॉट्सॲपवर ‘हाउएव्हर’ लिहू नका, नोटिशीसारखं वाटतं. तिथे ‘बट’च बरं.

वाक्याच्या शेवटी ‘दो’ ऐकू येतं ते कसलं?

ते आपलंच शेवटचं ‘पण’. “मासे ताजे होते. महाग होते पण.” ‘द फिश वॉज फ्रेश. इट वॉज एक्स्पेन्सिव्ह, दो.’ फक्त बोलण्यात वापरा. ‘ऑल्दो’ मात्र असं शेवटी कधीच येत नाही. गंमत म्हणजे मराठी ‘पण’चा दुसरा अर्थ, “मी पण येतो” मधला, इंग्रजीत शेवटच्या ‘टू’ने होतो: ‘आय ॲम कमिंग टू.’

स्पेलिंगचा एक चकवा: ‘दो’ आणि ‘इनफ’ दोहोंच्या शेवटी ओ-यू-जी-एच. एकीकडे उच्चार ‘ओ’, दुसरीकडे ‘अफ’. नियम शोधत बसू नका, पाठ करा.

‘व्हेअरॲज’, ‘ऑन द अदर हँड’, ‘ऑन द कॉन्ट्ररी’?

‘व्हेअरॲज’ म्हणजे दोन वेगळ्या गोष्टी शेजारी ठेवणारं ‘तर’: रत्नागिरी जिल्हा आहे, तर देवगड तालुका. ‘ऑन द अदर हँड’ एकाच गोष्टीची दुसरी बाजू मांडतं. ‘ऑन द कॉन्ट्ररी’ आधीचं म्हणणं खोडून काढतं, आपलं ‘छे, उलट’.

बोर्डाच्या पेपरात ‘रिमूव्ह टू’ येतं. गुण कुठे जातात?

‘द बॅग इज टू हेवी टु कॅरी.’ उत्तर: ‘द बॅग इज सो हेवी दॅट आय कॅनॉट कॅरी इट.’ शेवटचं ‘इट’ राहून जातं, कारण मूळ वाक्यात ते नसतं. दुसरी जागा काळाची: मूळ वाक्यात ‘वॉज’ असेल तर ‘कुड नॉट’. ‘सो’च्या पुढे विशेषण, ‘सच’च्या पुढे नाम: ‘सच अ नॅरो रोड दॅट’. पाऊस मोजता येत नाही म्हणून ‘सच हेवी रेन’, मध्ये ‘अ’ नको.

रोज किती आणि कसा सराव करायचा?

वीस मिनिटं पुरतात, पण रोज. समोरची एकच वस्तू घ्या: चहा, खोली, आजची भरती, शेजाऱ्याची रिक्षा. पाच मिनिटं तिच्यावर प्रमाणाची चार वाक्यं करा, प्रत्येकात वेगळा शब्द. पुढची पाच मिनिटं विरोधाची तीन. मग पाच मिनिटं दोन्ही एकत्र आणणारी दोन. शेवटची पाच मिनिटं हे सगळं फोनवर रेकॉर्ड करून ऐकण्यासाठी. ऐकताना सगळंच तपासायला जाऊ नका. ‘ऑल्दो’मागे ‘बट’ आलं का, ‘इनफ’ जागेवर आहे का, ‘टू’ तक्रारीसाठीच वापरलंय का, एवढंच.

सराव फसतो तो बहुधा एकाच साच्याची वाक्यं केल्याने. ‘द टी इज टू हॉट’, ‘द वॉटर इज टू हॉट’ अशी वीस लिहिली तरी हाताला फक्त वळण लागतं, शब्द निवडायची वेळच येत नाही.

स्वतःला तपासायला थोडी वाक्यं द्याल का?

ही घ्या, उत्तरांसह. आधी उत्तर झाका.

हा आंबा अजून पुरेसा पिकलेला नाही. ‘दिस मँगो इजंट राइप इनफ यट.’

सुरमई कालपेक्षा खूप महाग आहे, पण एकदम ताजी आहे. ‘सुरमई इज मच मोअर एक्स्पेन्सिव्ह दॅन यस्टरडे, बट इट्स रिअली फ्रेश.’

रस्ता इतका अरुंद आहे की बस वळत नाही. ‘द रोड इज सो नॅरो दॅट अ बस कान्ट टर्न.’

उशीर झाला होता तरी जेटीवर गर्दी होती. ‘ऑल्दो इट वॉज लेट, द जेटी वॉज क्राउडेड.’

समुद्र शांत दिसला तरी पोहायला उतरू नका. ‘इव्हन इफ द सी लुक्स काम, डोन्ट गो इन फॉर अ स्विम.’ इथे मराठीतलं ‘दिसला’ पाहून ‘लुक्ड’ लिहिलं जातं. रूप भूतकाळाचं असलं तरी बोलणं पुढच्या वेळेचं आहे, म्हणून ‘लुक्स’.